मराठवाड्यातले बिनट्रॅफिकचे डोंगरी रस्ते: कसे शोधायचे, कधी निघायचं, सोबत काय घ्यायचं

बीडवरनं सोलापूर हायवेला लागलं की पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट लागतो. चारपदरी, गुळगुळीत, चढ पण फार नाही. तरी मी तिकडं सायकल घालणं सोडलंय. चढावर आपण ताशी आठ-नऊनं रांगत असतो आणि बाजूनं कंटेनर गेला की त्याच्या हवेनंच हँडल हलतंय, मग अर्धं लक्ष आरशात आणि अर्धं पांढऱ्या पट्टीवर, डोंगर बघायला उरतंय काय. आणि गंमत अशी की त्याच डोंगरावर हायवे सोडून पाच-सात किलोमीटर आत गेलं की असे रस्ते आहेत जिथं सकाळच्या दोन तासांत एक दूधवाला, चार मोटारसायकली आणि शेळ्यांचा कळप एवढंच भेटतंय.

पुण्याकडच्या दोस्तांना मराठवाड्यात घाट आहेत म्हणलं की हसतात. त्यांच्या डोक्यात मराठवाडा म्हणजे सपाट, दुष्काळ आणि बाभळी. असू द्या, तेवढीच गर्दी कमी. पण आपल्याकडची नवीन पोरं सायकली घेतात आणि बायपासवरच वीस किलोमीटर मारून घरी येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खाली चार रस्ते दिलेत, पण चारच रस्ते पाठ करून उपयोग नाही. रिकामा रस्ता हा नुसता जागेवर नसतो, वेळेवर आणि महिन्यावर पण असतो. जुलैत स्वर्ग वाटलेला रस्ता जानेवारीत उसाच्या ट्रॅक्टरनं भरलेला सापडतो. म्हणून शोधायची पद्धत आधी.

आधी डोंगर कुठल्या अंगानं चढतो ते बघा

आपल्याकडं दोन रांगा कामाच्या. वर अजिंठ्याची, म्हणजे कन्नड, सिल्लोड, सोयगाव भाग. आणि मधे बालाघाट, बीड, धाराशिव, लातूरकडं पसरलेला. दोन्हींचा स्वभाव सारखा आहे, उत्तरेकडची बाजू उभी आणि दक्षिणेकडची उतरती. बीड, माजलगाव हे बालाघाटच्या खाली, गोदावरीच्या अंगाला. त्यामुळं बीडवरनं निघालं की चढ सुरुवातीलाच, गार हवेत, ताज्या पायांनी, आणि येताना दमलेलो असताना उतार. हे देवानं सायकलवाल्यासाठीच केलंय असं मला वाटतं.

अजिंठ्याच्या रांगेत नेमकं उलटं. कन्नड, सिल्लोड ही गावं पठारावर आहेत, खाली उत्तरेला चाळीसगाव आणि सोयगाव. म्हणजे सिल्लोडकडनं गेलात तर आधी मजेत उतार आणि परतीला अकरा-बाराच्या उन्हात तोच घाट चढायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा हे डोक्यातच आलं नव्हतं, उतरताना शिट्ट्या मारल्या आणि चढताना रडायची पाळी आली. रूट ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, चढ जाताना आहे का येताना.

नकाशावर रस्ता कसा हेरायचा

मोबाईलच्या नकाशात हायवे जाड आणि पिवळसर दिसतात. ते सोडून द्या. त्यांच्यामधले जे बारीक पांढरे धागे आहेत, एका गावावरनं दुसऱ्या गावाला जोडणारे, ते आपले. पण सगळे धागे डांबरी नसतात. सॅटेलाईट व्ह्यू लावून झूम करा, डांबर काळपट-करडं आणि कडा सरळ दिसतात, मुरूम तांबूस किंवा पांढुरका दिसतो आणि कडा फिसकटलेल्या. एखादा रस्ता शेताशेतातनं वाकडातिकडा जाऊन ओढ्यात गायब होत असेल तर तो पाणंद रस्ता आहे, नकाशा त्यालाही रस्ताच समजतो. उन्हाळ्यात पाणंदीनं एक वेळ निभावतंय. पावसाळ्यात काळी माती टायर आणि ब्रेकच्या मधे अशी बसते की चाकच फिरत नाही, मग सायकल खांद्यावर. मी दीड किलोमीटर घेतलीय खांद्यावर, बांधावरचे लोक काम थांबवून बघत होते.

चांगला धागा म्हणजे कुठला? माझा ठोकताळा असा की ज्या रस्त्यानं गेल्यावर कुणाचाच वेळ वाचत नाही तो रस्ता रिकामा असतो. दोन तालुक्यांना जोडणारा शॉर्टकट असेल तर तो बारीक असला तरी त्याच्यावर ट्रक येणार, टोल चुकवणारे तर हमखास. वाळूचा घाट, खडी क्रशर, साखर कारखाना यांच्याकडं जाणारा रस्ता असेल तर विषय संपला. हे तिन्ही सॅटेलाईटवर दिसतात. क्रशर म्हणजे डोंगर कुरतडलेला पांढरा खड्डा, कारखाना म्हणजे मोठ्या शेड आणि मोकळं मैदान. त्याच्या दहा-बारा किलोमीटरमधले रस्ते हंगामात धरायचेच नाहीत.

जागेवर गेल्यावर किलोमीटरचे दगड बघायची सवय लावा. दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा रस्ता आणि नारंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा. नारंगी दिसला की मी खूश होतो. ही योजना २००० साली सुरू झाली, एकच पदर डांबर, आणि सुरुवातीला एक बोर्ड असतो, त्यावर रस्त्याची लांबी, काम कधी झालं आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचं लिहिलेलं असतं. तो बोर्ड वाचायचा. काम दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बिनधास्त घुसा, दहा वर्षांपूर्वीचं असेल तर जाड टायर पाहिजे. दगडावरचा रंग कधी कधी जुना राहिलेला असतो, रस्ता मोठा झाला तरी दगड तोच, म्हणून एकट्या दगडावर पण जाऊ नका.

आणि माणसाला विचारायचं. पण "रस्ता चांगला आहे का" असं विचारू नका, आपली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, "हाव, लई भारी हाय, जावा" म्हणणार. विचारायचं, "एसटी जाती का?" एसटी जात असेल तर डांबर आहे, पूल आहे. एसटी नाही पण टमटम जाते म्हणले तर खड्डे आहेत पण जाता येतंय. "मोटारसायकल जाती की" असं उत्तर आलं तर मुरूम समजायचा. तीन उत्तरांत रस्त्याची सगळी कुंडली कळते, आजवर एकदाच फसलोय.

चढ किती आहे हे घरीच काढा

स्ट्राव्हा, कोमूट, राईड विथ जीपीएस, यातलं कुठलंही सायकलचं ॲप वापरा, रूट टाकला की चढाचा आलेख येतोच. ते नको असेल तर ओपनटोपोमॅपवर उंचीच्या रेषा असतात. हिशोब सोपा आहे, पायथा ५६० मीटरवर, माथा ६८० मीटरवर, मधला रस्ता ३ किलोमीटर, म्हणजे ३००० मीटरला १२० मीटर, चार टक्के. चार टक्के बोलत बोलत जातंय. सहा-सात टक्क्याला बोलणं बंद होतंय. दहाच्या पुढं गेलं की नवीन माणूस उतरून ढकलतो, आणि ढकलण्यात लाज कसली, मी पण ढकलतो.

मोठे घाटरस्ते बांधताना डोंगरात साधारण पाच टक्के चढ धरायचा, अडचण असेल तिथं सहा-सात, असा इंजिनिअर लोकांचा नियम आहे. म्हणून हायवेचे घाट लांब असतात पण अंगावर येत नाहीत. गावरस्त्याचं तसं नाही, कित्येक ठिकाणी जुन्या गाडीवाटेवरच डांबर टाकलंय, त्यामुळं पाचशे मीटरचाच तुकडा असतो पण बारा टक्क्यांचा. सरासरी बघून फसू नका, आलेखातला सगळ्यात उभा तुकडा शोधा.

महिना आणि वेळ, खरी मेख इथं आहे

जून ते सप्टेंबर डोंगर हिरवा, धबधबे चालू, रस्ते धुतलेले. रविवारी मात्र सगळं गाव तिकडंच, कारमधे गाणी लावून. पावसाळ्यात मधल्या वारी जा, एक सुट्टी खर्च झाली तरी चालेल. दुसरी गोष्ट म्हणजे फरशी पूल. आपल्याकडच्या गावरस्त्यावर ओढ्याला कठडा नसलेला बुटका पूल असतो, वर डोंगरात पाऊस झाला की इथं ऊन असताना पाणी वाढतं. पाणी पुलावरनं वाहत असेल तर थांबा, गुडघ्याएवढं असलं तरी. तासा-दोन तासात उतरतं. शेजारी उभं राहून कणीस खा.

याच दिवसांत बालाघाटवर पश्चिमेचा वारा असतो आणि तो घाटापेक्षा जास्त दमवतो. पाटोदा, भूम, वाशी भागात पवनचक्क्या उगाच नाहीत लावलेल्या. त्यांचा एक फायदा मात्र आहे, पवनचक्की तोंड वाऱ्याकडं करून उभी असते, लांबनं बघितलं की वारा कुठनं येतोय ते कळतं. जाताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. उलटं केलंत तर जाताना वाटेल आपण लई फिट झालो, आणि येताना कळेल की वारा ढकलत होता.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे सोयाबीन. हे कुठल्या सायकलच्या पुस्तकात सापडणार नाही म्हणून जरा नीट सांगतो. आपल्याकडं खळी राहिली नाहीत, त्यामुळं लोक डांबरी रस्त्यावरच सोयाबीन, बाजरी पसरतात, एक बाजू दगडं लावून अडवलेली असते. वाळलेलं सोयाबीन डांबरावर म्हणजे छर्रे. मी वळणावर वीसच्या स्पीडनं त्यावरनं गेलो आणि पुढचं चाक असं निसटलं की कोपर आणि मांडी सोलून निघाली. शेतकऱ्याची म्हातारी धावत आली, आधी मला पाणी दिलं आणि मग म्हणली, "बघून चालीव की लेकरा, समदं सोयाबीन इस्कटलं." चूक माझीच होती. तेव्हापासून नियम, पीक पसरलेलं दिसलं की ब्रेक आधी मारायचा, पिकावर गेल्यावर ब्रेक पण नाही आणि हँडल पण वळवायचं नाही, सरळ रेषेत सावकाश.

दिवाळीनंतर ऊस. कारखाने साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतात. आमच्या बीडची निम्मी माणसं कोयता घेऊन बाहेर गेलेली असतात, त्यामुळं डोंगरातल्या वाड्या ओस आणि तिथले रस्ते अगदी रिकामे. पण खाली कारखान्याच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, टेपचा आवाज एवढा की हॉर्न ऐकू जात नाही, आणि दुसरी ट्रॉली सापासारखी डुलत असते. तिला ओव्हरटेक करू नका आणि तिच्या मागं पण राहू नका, सरळ थांबून चहा घ्या, पुढं जाऊ द्या. थंडीत म्हणून डोंगरमाथ्यावर राहायचं, नदीकाठच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात उतरायचं नाही. तसा हा सायकलचा सगळ्यात चांगला काळ, जानेवारीत कुठं हुरडा भेटला तर राईड तिथंच संपली असं समजा.

मार्चपासून मेपर्यंत चाळिशी पार. सकाळी उजाडताच निघून नऊला घरात. त्याच्यापुढं फुशारकी नको.

वेळेचं म्हणाल तर सकाळी साडेसहा ते नऊ. अंधारात निघू नका. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी भागात बिबट्यानं माणसं मारली होती, तेव्हापासून आमच्या ग्रुपमधे नियमच आहे की उजाडल्याशिवाय डोंगरात शिरायचं नाही. डिसेंबरात सूर्यच सातच्या आसपास उगवतो, मग सातलाच निघा. गावात मुक्कामी एसटी असेल तर ती सकाळी लवकर सुटते, अरुंद रस्त्यावर ती समोर आली की आपण खाली उतरायचं, ड्रायव्हरला काही पर्याय नसतो. साडेनऊनंतर शाळेच्या गाड्या, टमटमी सुरू होतात.

आठवडी बाजार कुठल्या वारी आहे ते विचारून घ्या. एरवी मोकळा असलेला रस्ता बाजारच्या दिवशी टमटम, बकऱ्यांच्या पिकअप आणि मोटारसायकलींनी भरतो. तसंच यात्रा. कपिलधारला कार्तिक पौर्णिमेला जाऊ नका, रामलिंगला श्रावणी सोमवारी जाऊ नका. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांसाठी वाहनांना बंद करतात, एकाला वाटलं होतं की वा, बिनट्रॅफिकचा हायवे. गेला आणि लाखभर माणसांच्या मधे सायकल धरून चालला.

सायकल आणि पंक्चर

महागडी रोड बाईक असेलच असं नाही आणि लागत पण नाही. बारीक, २५ मिलीमीटर रुंदीच्या टायरला गावरस्ता झेपत नाही, ३२ ते ३८ चा टायर असलेली हायब्रीड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली सायकल, सगळ्यात बरी. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याएवढी ठोकून भरू नका, ३५ च्या टायरला माझ्यासारख्या पंच्याहत्तर किलोच्या माणसाला साठ पीएसआयच्या आसपास पुरते, खडीवर हात बधिर होत नाहीत. गिअरला पुढची सगळ्यात छोटी चकती ३४ दात्यांची असेल तर मागं ३२ किंवा ३४ ची मोठी पाहिजे. दुकानदार म्हणतो एवढं लागत नाही. तो घाटात येत नाही.

काटा हा आपला खरा शत्रू. बाभळीचा काटा टायरच काय चप्पल पण पार करतो, आणि पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडलेले असतात. म्हणून फोटो काढायला सायकल गवतात घालायची नाही, डांबरावरच उभी करायची किंवा उचलून न्यायची. ट्यूबमधे सीलंट, म्हणजे भोक आतनंच बुजवणारं द्रव, घालून ठेवलं तर दहातले सात-आठ काटे कळत पण नाहीत. काटा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो घरी जाईपर्यंत काढू नका.

दोन ट्यूब, टायर उचलायचे दोन लिव्हर, छोटा पंप, पॅच. आणि एक पितळी ॲडाप्टर, चाळीस-पन्नास रुपयाचा, हा विसरू नका. रोड आणि हायब्रीड सायकलला हवा भरायचा वॉल बऱ्याचदा बारीक, प्रेस्टा प्रकारचा असतो, गावातल्या पंक्चरवाल्याकडं मोटारसायकलचा जाड नोझल असतो, तो त्यावर बसत नाही. माझा पंप एकदा मोडला, तीन किलोमीटर ढकलत पंक्चरच्या दुकानावर गेलो, कॉम्प्रेसर चालू, माणूस तयार, आणि हवा भरता येईना. तो बिचारा अर्धा तास वॉलवर कापड गुंडाळून प्रयत्न करत होता. शेवटी टमटमवर सायकल टाकून आलो. ॲडाप्टर तेव्हापासून वॉलवरच लावून ठेवलाय.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी जोरात आणि मग सोडा. वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचलेली असते. आणि शेण.

पाणी, खाणं, कुत्री

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, दोन बाटल्या लावा. मधे भरायला हापसा, मारुतीच्या पारावरचा नळ किंवा हॉटेलातला जार. आपल्याकडं हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चहा, भजे, नशीब असेल तर पोहे, आणि ते सातच्या आधी उघडत नाही हे धरून चाला. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात टाकायची असते, अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी घालू नका. खिशात शेंगदाणे-गूळ. परदेशी जेल-बिल मी आणून बघितले, गोड चिकट प्रकार, आपल्या लाडवाला तोड नाही. ऑक्टोबरात धारूरच्या बाजूला गेलात तर सीताफळं खाऊन या, बीडच्या सीताफळाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय. पण धारूरच्या घाटात सायकल घालू नका, अरुंद आहे आणि जड गाड्या असतात.

बऱ्याच दऱ्यांत मोबाईलला रेंज नसते. रूट ऑफलाईन डाऊनलोड करा, घरच्यांना परतीची वेळ सांगून ठेवा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

कुत्र्यांचं असं आहे की गावातलं कुत्रं भुंकून थांबतं, मेंढरामागचं कुत्रं थांबत नाही, त्याचं कामच ते आहे. मेंढरं दिसली की लांबनंच धनगराला आवाज द्या, "काका, कुत्रं धरा", ते धरतात. अंगावर आलंच तर पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढं व्हा. आपण चालायला लागलो की त्याचा अर्धा इंटरेस्ट संपतो. चढावर तसंही पळता येत नाही.

आता रस्ते

पहिला बीडकरांसाठी. मांजरसुंब्यापर्यंत सायकल गाडीत टाकून न्या, हायवेचा घाट टळतो. तिथनं जवळच दरीत कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात धबधबा. उतरून परत चढायचं, छोटा पण छान व्यायाम. मग पाटोद्याच्या दिशेनं दहा-बारा किलोमीटरवर लिंबागणेश, पुढं नायगावचं मोर अभयारण्य, १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे तीस चौरस किलोमीटर. सकाळी मोरांचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो, पावसाच्या आधी तर जास्तच. हा मांजरसुंबा-पाटोदा-जामखेड रस्ता आता मोठा झालाय आणि ट्रक असतात, म्हणून तो नुसता कणा धरायचा आणि फासळ्यांसारखे जे गावरस्ते दोन्हीकडं फुटतात त्यात शिरायचं, एका फाट्यानं आत आणि दुसऱ्यानं बाहेर. डोंगरकिन्ही, अंमळनेरच्या बाजूला असे बरेच आहेत. दम असेल तर पाटोद्याच्या पुढं सौताडा, तिथं विंचरणा नदी सरळ दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. सायकल वर लावा आणि पायऱ्यांनी उतरा. कुलूप न्या.

दुसरा येडशी-रामलिंग, धाराशिवकरांचा. छोटा आहे, नवशिक्यांना आणि लेकरांना घेऊन जायला योग्य. झाडी दाट, मंदिर दरीत, अभयारण्य १९९७ सालचं. माकडं लई आहेत, हँडलच्या पिशवीतलं केळ दिसलं तर पिशवी गेली. येडशीला पूर्वी बार्शी लाईटची छोटी गाडी यायची, अडीच फुटी रुळावरची. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. आमचे आजोबा सांगायचे, चढावर पोरं उतरून गाडीबरोबर पळायची.

तिसरा छत्रपती संभाजीनगरवाल्यांचा, दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ. खुलताबादपर्यंत पर्यटकांच्या गाड्या असतातच आणि दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या कमानीतनं जातो, तिथं सायकलवाल्याला कुणी विचारत नाही, त्यामुळं सातच्या आत कमान पार करा. खरी मजा खुलताबादच्या पुढं, म्हैसमाळ बारा किलोमीटर, उंची हजार मीटरच्या वर, मराठवाड्याचं थंड हवेचं ठिकाण म्हणतात ते हेच. रविवार सोडून गेलात तर रस्ता आपलाच. वर गिरिजामातेचं दर्शन घ्या, चहा प्या. येताना पाय शिल्लक असतील तर शूलिभंजनचा फाटा घ्या, दत्ताचं मंदिर, एकनाथ महाराजांनी तिथं तप केलं असं मानतात, वरनं लांबपर्यंतचं दिसतं.

माहूर-किनवटचं सागाचं जंगल पण भारी आहे पण तिकडं मुक्काम करावा लागतो, तो वेगळा विषय. कन्नडवरनं गौताळ्याच्या जंगलातनं नागदकडं उतरणारा रस्ता पण सुंदर, पण ते अभयारण्य आहे, नाक्यावर विचारूनच आत जा आणि एकट्यानं नको.

चौथा माझा लाडका, हळदा घाट. अजिंठ्याच्या हायवेवर सिल्लोडच्या पुढं गोळेगाव, तिथनं हायवे सोडून उंडणगाव. गाडी उंडणगावातच लावा. मग हळदा गाव आणि घाट सुरू. समोर वेताळवाडीचा किल्ला, तटबंदी आणि बुरूज अगदी रस्त्यावरनं दिसतात, रस्ता त्याच्या पायथ्याला वळसा घालून खाली सोयगावकडं जातो. पावसाळ्यात ढग आपल्या खाली असतात. मी एका बुधवारी गेलो होतो, पूर्ण घाटात समोरनं दोन मोटारसायकली आल्या, त्यातला एक थांबून म्हणला, "पेट्रोल संपलं का काय?" फिरायला आलोय म्हणलं तर म्हणला, "हितं? सायकलवर? कामधंदा नाही व्हय?" आणि बिडी पेटवून दहा मिनिटं गप्पा मारत बसला.

इथं परतीचा हिशोब आधी करा, कारण हा उलटा घाट आहे, उतरलेलं सगळं परत चढायचंय. पहिल्यांदा जात असाल तर किल्ल्याच्या पायथ्यालाच थांबा, किल्ला बघा आणि मागं फिरा. सोयगावपर्यंत उतरायचंच असेल तर घड्याळात साडेआठ वाजायच्या आत घाट उतरलेला पाहिजे आणि दोन्ही बाटल्या खाली भरून घ्यायच्या, चढात पाण्याची सोय नाही. पाऊस पडून गेला असेल तर दरड बाजूला दगड सुटलेले असतात, चढताना दरडीला चिकटून नको, रस्त्याच्या मधल्या अंगानं चाला, गाड्या नसतातच. पाय संपले तर ढकला, वर उंडणगावात गाडी उभीच आहे.